करवंटी, गुण्या आणि सरळ भोक

अब्बा सुतारकाम करायचे. त्यांच्या हत्यारांत एक सामता होता. कमानीच्या दोरीचा त्याला एक वेढा द्यायचा आणि कमान ओढायची, की तो गरगर फिरे. डोक्यावर नारळाची करवंटी. ती डाव्या हातानं दाबून धरायची. मी गुण्या घेऊन बाजूला उभा. काम करणाऱ्याला सामता डावी-उजवीकडे कललेला दिसतो, पुढे-मागे कललेला दिसत नाही. ते बाजूच्यानं सांगायचं असतं.

एकदा पाळण्याच्या खुराला भोक पाडताना माझं मन कवितेच्या ओळीत अडकलं. भोक तिरकं गेलं. अब्बा रागावले नाहीत. "लाकूड भरून येत नाही, बाबा," एवढंच म्हणाले.

पुढे एका पुस्तकात इजिप्तच्या रेखमिरेच्या थडग्यातलं चित्र पाहिलं. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचा सुतार कमानीनं खुर्चीच्या बैठकीला भोकं पाडतो आहे. तिकडे करवंटीच्या जागी दोम ताडाच्या फळाची कवटी वापरत. बलुचिस्तानातल्या मेहरगढची गोष्ट त्याहून जुनी. साडेसात ते नऊ हजार वर्षांपूर्वी तिथे जिवंत माणसांच्या दाढांना गारगोटीच्या टोकानं भोकं पाडली होती, असं संशोधकांनी २००६ साली जाहीर केलं.

मग वीज आली. १८८९ साली मेलबर्नमध्ये आर्नोट आणि ब्रेन यांनी विजेच्या ड्रिलचं पेटंट घेतलं. ते खडक आणि कोळशासाठी होतं. १९१७ साली अमेरिकेत ब्लॅक आणि डेकर यांना पिस्तुलासारख्या मुठीच्या, हातात मावणाऱ्या ड्रिलचं पेटंट मिळालं. वेग हातात आला. सरळपणा मात्र नजरेवरच राहिला. एक अंश चूक झाली, तर दहा सेंटिमीटर जाड लाकडात भोक पावणेदोन मिलिमीटर सरकतं. खुंटी बसत नाही, किंवा ठोकून बसवली तर लाकूड चिरतं.

कारखान्यातलं उभं ड्रिल सरळ भोक पाडतं, पण दरवाजा किंवा पलंग तिथवर न्यायचा कसा? म्हणून माझ्या पुतण्यानं छोटं ड्रिल गाइड आणलं. सपाट बैठक, दोन उभ्या दांड्या, त्यांवरून वरखाली सरकणारा धारक. ड्रिल त्यात अडकवायचं, बैठक लाकडावर घट्ट धरायची, टोक खुणेवर टेकवायचं आणि सावकाश दाबायचं. बाजूला माणूस लागत नाही.

तरी त्याच्या मुलाला मी गुण्या देऊन उभं करतो. एखादा स्क्रू ढिला झाला, तर हे गाइडही कलतं. ते बाजूच्याला आधी दिसतं.