कल्हईला गेलेले पातेले

मंडळी, आज पेडण्याच्या आमच्या घरातली एक आठवण लिहितो. गोष्ट भांड्यांची आहे, पण इतिहास तिच्यात आपोआप येतो.

पेडणे महाल १७८८ साली सावंतवाडीकरांकडून पोर्तुगिजांकडे गेला. राज्य बदलले तरी आमची सोयरीक आणि बाजारहाट बांदा-सावंतवाडीशीच राहिली. माझी आत्या बांद्याला दिलेली. १९५५ च्या उन्हाळ्यात आजीने पितळेचे मोठे पातेले आणि मोदकपात्र कल्हईसाठी तिच्याकडे पाठवले. चवथीआधी परत यायचे, असे ठरले होते.

१५ ऑगस्ट १९५५ ला पत्रादेवीला पोर्तुगीज शिपायांनी निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या. मग भारताने सीमा बंद केली, नाकेबंदी आवळली गेली. पोर्तुगीज सरकारने बटाटे थेट हॉलंडहून आणले, पण पत्रादेवीपलीकडच्या बांद्याहून आमचे पातेले काही येईना!

महिन्याभराने चवथ आली. मी तेव्हा सहा वर्षांचा. घरात दुसरे पितळी भांडे होते, पण त्याची कल्हई उडालेली. त्यात आमसुलाचे खतखते केले तर कळकणार. आई रडकुंडीला आली. आजी म्हणाली, "रडतंस कित्याक? मडक्यात आंबट कळकत नाय."

आईचे माहेर डिचोलीचे, तिथली मातीची भांडी प्रसिद्ध. मामाने दोन मोठी मडकी आणून दिली. आजीने आधी त्यांत पेज शिजवून ती पक्की केली. मग एकात खतखते रटरटले. पळी लागली तर मडके फुटेल म्हणून नारळाच्या करटीला भोक पाडून बांबूची काठी बसवली आणि दवलो केला. दुसऱ्या मडक्यात तळाशी पाणी, वर आडव्या बांबूच्या काड्या, त्यावर गवत, झाले मोदकपात्र. पातोळ्यांना तर हळदीचे पानच पुरते. पुढे सांदणांसाठी फणसाची पाने हिरांनी टोचून द्रोण केले.

लहानपणी मला हे सगळे आजीचे डोके वाटायचे. आता कळते, ही जुनीच रीत होती. पितळ घरात यायच्या आधी असाच स्वयंपाक होत असणार. आजीला तो आठवत होता, एवढेच.

भांड्यांवाचून आमचे अडले नाही. अडले ते माणसांचे. १९६० च्या पावसाळ्यात आजी गेली. आत्याला निरोप पोचला तोवर बारावाही उरकला होता.

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. जानेवारीत आत्या आली, डोक्यावर पातेले घेऊन. आतली कल्हई चांदीसारखी लखलखीत, एकदाही न वापरलेली. ते तिने चुलीपाशी ठेवले आणि आजीच्या दवल्याला हात लावून किती वेळ बसून राहिली.

बँकेत आयुष्यभर जमा-खर्च मांडला. नाकेबंदीचा हा खर्च मात्र कुठल्या खात्यात टाकायचा, ते अजून कळलेले नाही.

दवलो अजून माझ्याकडे आहे. तुमच्या घरी त्या सहा वर्षांतले काही उरले असेल तर जरूर लिहा.