थ्री नॉट थ्री, इशापूर आणि अमेरिकन शौकीन : लष्कराच्या जुन्या रायफली जमवण्याचा छंद काय असतो?

लाकडी दस्त्याची, लांब नळीची ‘थ्री नॉट थ्री’ अनेकांनी पोलिसांच्या खांद्यावर पाहिलेली असते. तिचं खरं नाव ली-एनफिल्ड. २६/११ च्या हल्ल्याच्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर काही पोलिसांच्या हातात हीच रायफल होती. उत्तर प्रदेश पोलिसांनी २०२० च्या प्रजासत्ताक दिनी तिला निरोप दिला. अमेरिकेत मात्र याच रायफली लोक हौसेने विकत घेतात, जपतात आणि शूटिंग रेंजवर नेऊन चालवतातही.

‘सरप्लस’ म्हणजे काय?

सैन्यात नवं शस्त्र आलं की जुन्या रायफली गोदामात पडून राहतात. सरकारं त्या व्यापाऱ्यांना घाऊक भावात विकतात. ब्रिटिशांची ली-एनफिल्ड, जर्मनांची माउझर, रशियाची मोसिन-नगांत ही यातली प्रसिद्ध नावं. शीतयुद्ध संपल्यावर मोसिन-नगांत अमेरिकेत इतक्या संख्येने आल्या की अनेक वर्षं त्या शंभर डॉलरच्या आत मिळायच्या.

या बाजाराला एक काळा डागही आहे. १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली ती टपालाने मागवलेल्या इटालियन सरप्लस रायफलने. दुर्बिणीसकट तिची जाहिरातीतली किंमत होती १९.९५ डॉलर. पुढे १९६८ च्या कायद्याने टपालाने बंदूक मागवणं आणि लष्करी सरप्लसची आयात यांवर बंधनं आली. १९८० च्या दशकात संग्राह्य शस्त्रांच्या आयातीला पुन्हा वाट मिळाली. आता ५० वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपातली बंदूक तिथे ‘क्युरिओ अँड रेलिक’ गटात येते आणि त्यासाठी संग्राहकाला वेगळा परवाना घेता येतो.

यात भारत कुठे आला?

कोलकात्याजवळच्या इशापूर कारखान्यात विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून ली-एनफिल्ड बनत होत्या. १९६२ च्या चीन युद्धात बहुतेक भारतीय जवानांकडे हीच जुनी रायफल होती. युद्धानंतर इशापूरने तोच जुना साचा ठेवून, अधिक मजबूत पोलाद वापरून ७.६२ मिलिमीटर काडतुसाची रायफल तयार केली. ती ‘२ए’. तिच्या माशीवरचे आकडे २,००० मीटरपर्यंत होते. ते ८०० वर आणले आणि ‘२ए१’ तयार झाली. दिसायला पहिल्या महायुद्धातली, पण चौकोनी मॅगझिनची ही रायफल पुढे सरप्लस म्हणून अमेरिकेत गेली. आज तिथल्या अनेक संग्रहांत तिला जागा आहे.

संग्राहक काय बघतात?

रायफलीवरचे ठसे. कारखान्याचं नाव, साल, दुरुस्तीच्या खुणा. बोल्ट आणि मुख्य सांगाडा यांवरचे क्रमांक जुळत असतील तर किंमत वाढते. ‘डीपी’ असा ठसा असेल तर ती फक्त कवायतीसाठी ठेवलेली रायफल. ती चालवायची नसते. खैबर खिंडीच्या परिसरात हाताने बनवलेल्या नकलाही बाजारात फिरतात. ठशातली चुकीची किंवा उलटी अक्षरं हे त्यांना ओळखण्याचं एक लक्षण. त्यांचं पोलाद कुठलं, याचा भरवसा नसल्याने त्या भिंतीवरच बऱ्या.

चालवण्याआधी काय तपासतात?

पहिली गोष्ट ‘हेडस्पेस’. बोल्ट बंद केल्यावर काडतुसाला मागे सरकायला किती जागा उरते, हे त्यात मोजतात. जागा जास्त असेल तर काडतुसाचं पितळी कवच फुटून गरम वायू थेट चालवणाऱ्याच्या तोंडावर येऊ शकतो. बोल्ट बदललेल्या रायफलीत हा धोका अधिक, म्हणून जाणकार बंदूक-कारागिराकडून तपासणी झाल्याशिवाय पहिली गोळी झाडत नाहीत.

दुसरी गोष्ट काडतुसं. अनेक जुन्या लष्करी काडतुसांच्या टोपीतलं रसायन जळलं की नळीत क्षार उरतो. तो हवेतला ओलावा ओढतो आणि नळी गंजते. नुसत्या तेलाने हा क्षार निघत नाही. म्हणून शौकीन त्याच दिवशी नळी गरम पाण्याने धुतात, कोरडी करतात आणि मगच तेल लावतात.

भारतात हा छंद करता येतो का?

सामान्य नागरिकाला जवळजवळ नाहीच. .३०३ आणि ७.६२ या लष्करी मापाच्या रायफली ‘प्रोहिबिटेड बोअर’ गटात येतात. म्हणूनच भारतीय कारखान्यांनी नागरिकांसाठी ली-एनफिल्डच्याच रचनेची .३१५ मापाची रायफल बनवली. तिलाही परवाना लागतोच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला साधारणपणे दोनच बंदुका ठेवता येतात.

सर्वांत जास्त गैरसमज वारशाने आलेल्या बंदुकीबद्दल असतो. ‘आजोबांची आहे, गंजलेली आहे, चालत नाही’ एवढ्याने सूट मिळत नाही. शस्त्र कायद्यातली सवलत जुन्या पद्धतीच्या, पुरातन किंवा मोडक्या शस्त्रांना आहे, पण तेही दुरुस्त करूनसुद्धा चालू शकणार नाही अशाच शस्त्रांना. दुरुस्तीनंतर गोळी सुटणार असेल, तर माळ्यावर पडलेली ती वस्तू कायद्याच्या नजरेत बंदूकच असते. घरात असं काही सापडलं तर त्याचा फोटो सोशल मीडियावर टाकण्याआधी वकिलाचा सल्ला घेऊन पोलीस ठाण्यात कळवणं शहाणपणाचं.