एका पेल्याचा पुरावा

मंडळी, इतिहास राजांचा लिहितात, लढायांचा लिहितात, फार तर धान्याच्या भावांचा. पण एखाद्या चवीचा इतिहास लिहायचा, तर पुरावा कुठून आणायचा? आज ज्यांच्याविषयी बोलायचं आहे ते जेफ बेरी, टोपणनाव ‘बीचबम’. हॉलिवूडमध्ये सिनेमाच्या धंद्यात असलेला हा माणूस जुन्या कॉकटेलांच्या मागे लागला.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. डिसेंबर १९३३ मध्ये अमेरिकेतली दारूबंदी उठली आणि त्याच सुमारास हॉलिवूडमध्ये ‘डॉन द बीचकोंबर’ हा बार सुरू झाला. त्याचं गाजलेलं पेय म्हणजे १९३४ चं ‘झॉम्बी’. एका गिऱ्हाइकाला दोनच, असा नियम! आता डॉनची अडचण बघा. त्याचे बारटेंडर स्पर्धक पळवत. म्हणून त्याने कृती सांकेतिक शब्दांत लिहून ठेवल्या. ‘डॉन्स मिक्स’, ‘स्पाइसेस नंबर ४’ असल्या नावांच्या बाटल्या समोर असायच्या. पेला भरणाऱ्यालाच माहीत नाही की आपण काय ओततोय. (आपल्याकडे काही उस्ताद अस्थायी शिकवत आणि अंतरा गिळत, त्यातलाच प्रकार.) परिणाम असा, की नकलांचा सुळसुळाट झाला. १९३९ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनातसुद्धा ‘झॉम्बी’ विकलं गेलं. पुढे पुढे तर कुठलीही रम आणि कुठलाही गोड रस म्हणजे झॉम्बी!

बेरींनी काय केलं? छापील पुस्तकांवर विसंबले नाहीत. त्या बारमध्ये राबलेली म्हातारी माणसं शोधली. त्यांत फिलिपिनो बरेच होते, आणि त्यांचं नाव कुठल्या इतिहासात नव्हतं. डिक सँटियागो १९३७ मध्ये तिथे कामाला लागले होते. त्यांची खिशातली वही मुलीने जपली होती, ती बेरींना मिळाली. वहीत झॉम्बी होतं, पण कुलूपबंद! ‘डॉन्स मिक्स’ म्हणजे दोन भाग ग्रेपफ्रूटचा रस आणि एक भाग ‘स्पाइसेस नंबर ४’. म्हणजे एक कुलूप उघडलं की आत दुसरं. शेवटी त्या धंद्यातल्याच एका जुन्या माणसाकडून कळलं: नंबर ४ म्हणजे दालचिनीचा पाक. बस्स, दालचिनी! आपल्या मसाल्याच्या डब्यातली.

२००७ च्या ‘सिपिन सफारी’ या पुस्तकात ही कृती आली, आणि त्याबरोबर या कामगारांच्या कहाण्याही. माझ्या मते पुस्तकाचं खरं मोल त्या कहाण्यांत आहे. मालकाचं नाव पाटीवर होतंच, ज्ञान मात्र नोकराच्या वहीत टिकलं.

आता माझ्यातला तत्त्वज्ञानाचा मास्तर एक शंका काढणारच. कृती सापडली म्हणजे चव सापडली का? झॉम्बीत तीन प्रकारच्या रम लागतात, आणि १९३४ मधली रम आज गाळली जात नाही. दारूगाळणी बदलली, पिंपं बदलली, मिश्रणं बदलली. मग बेरींचा पेला पुनर्रचना म्हणायचा की अनुवाद? मी अनुवाद म्हणेन. २०१४ पासून न्यू ऑर्लिन्समध्ये त्यांचा स्वतःचा ‘लॅटिट्यूड २९’ हा बार आहे. तुमच्यापैकी कुणी तिकडे गेलं, तर चाखून आपलं मत जरूर कळवा.