मिश्र हिवाळी हवामान आणि रस्त्यावरील प्रवास (उत्तर अमेरिका)

एकाच वादळात पाऊस, गोठणारा पाऊस, बर्फाचे कण आणि हिम आलटूनपालटून पडण्याची स्थिती. अमेरिकेचा ईशान्य भाग, ॲपलाचियन पर्वताच्या पूर्वेचा पट्टा आणि कॅनडाचा आग्नेय भाग येथे ती दर हिवाळ्यात उद्भवते. न्यू जर्सी व टोरांटो परिसरात मराठी कुटुंबांची मोठी वस्ती असल्याने हा विषय मराठी वाचकालाही दूरचा नाही.

ढगातून निघालेले हिम वाटेतल्या उबदार थरात वितळते. त्याखालचा थंड थर जाड असेल तर थेंब पुन्हा गोठून कणांच्या रूपात पडतात. तो पातळ असेल तर थेंब 0° सेल्सियसखाली जाऊनही द्रवच राहतात आणि रस्ता, तार वा फांदीला टेकताच गोठतात. ॲपलाचियनच्या पूर्वेस थंड हवा जमिनीलगत कोंडली जाते व समुद्रावरची दमट हवा तिच्यावर चढते, म्हणून तेथे हा प्रकार विशेष घडतो.

या साऱ्यांत गोठणारा पाऊस सर्वांत घातक. हिम डोळ्यांना दिसते. डांबरावरचा पारदर्शक बर्फ, म्हणजे ब्लॅक आइस, नुसता ओला रस्ता वाटतो. पूल खालूनही थंड होत असल्याने आधी गोठतात. जानेवारी 1998 मध्ये मॉन्ट्रिऑल परिसरात अशा पावसाने विजेचे सुमारे हजार पोलादी मनोरे कोसळले आणि काही भागांत महिनाभर वीज नव्हती.

पूर्वतयारीत वादळाचा क्रम कळीचा ठरतो. 3 जानेवारी 2022 रोजी व्हर्जिनियात वादळाची सुरुवात पावसाने झाली. रस्त्यावर बर्फ धरू नये म्हणून वादळाआधी फवारतात ते मिठाचे द्रावण पावसात वाहून जाते, म्हणून ते फवारले गेले नाही. मग हिम वेगाने साचले आणि फ्रेडरिक्सबर्गजवळ आय-95 महामार्गावर शेकडो वाहने रात्रभर अडकली. सिनेटर टिम केन यांचा वॉशिंग्टनचा प्रवास 27 तासांचा झाला. त्यामुळे अंदाज पाहताना हिम किती पडेल एवढ्यावर थांबू नये; पाऊस केव्हा थांबणार आणि पारा शून्याखाली केव्हा उतरणार, हे आधी पाहावे. शिवाय सुमारे उणे 9° सेल्सियसखाली साध्या मिठाचा उपयोग फार कमी होतो.

कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात 1 डिसेंबर ते 15 मार्च हिवाळी टायर सक्तीचे आहेत. ते इतरत्रही बसवावेत. चारही चाकांना शक्ती देणारी गाडी सुटते लवकर, पण बर्फावर थांबायला तिलाही तेवढेच अंतर लागते. अशा गाडीचा फाजील विश्वास अनेकांना महागात पडतो. टाकी निम्म्याहून अधिक भरलेली असावी. घोंगडी, पाणी, कोरडा खाऊ, फावडे, वाळू, विजेरी आणि नेहमीची औषधे गाडीत ठेवावीत. निसरड्यावर क्रूझ कंट्रोल बंद ठेवावा. अडकल्यास गाडी सोडून पायी निघू नये. इंजिन थोडा थोडा वेळच चालवावे आणि त्याआधी धुराच्या नळीभोवतीचे हिम काढावे, अन्यथा कार्बन मोनॉक्साइड आत साचून जीव जाऊ शकतो.

अमेरिकेत राष्ट्रीय हवामान सेवेची ‘वॉच’ ही सूचना वादळाची शक्यता सांगते. ‘वॉर्निंग’ म्हणजे ते आले किंवा येऊन ठेपले. गोठणाऱ्या पावसाची वॉर्निंग असताना, भारतातून येणाऱ्या आईवडिलांना आणायलासुद्धा, घराबाहेर पडू नये. पाहुण्यांनी विमानतळावरच थांबावे आणि तसे आधीच ठरवून ठेवावे.