ग्रे गू आणि धूळ

कोड लिहायला मी अजूनही 'व्हीआय' वापरतो. (टीममधली पोरं हसतात. हसू देत!) तो एडिटर लिहिला बिल जॉयने. याच माणसाने एप्रिल २००० मध्ये 'वायर्ड' मासिकात एक लांबलचक लेख लिहून भल्याभल्यांची झोप उडवली होती. नॅनोटेक्नॉलॉजीसारखी काही संशोधनं आपणहून थांबवावीत, असं त्याचं म्हणणं. त्यातली एक भीती म्हणजे 'ग्रे गू'. हा शब्द मूळ एरिक ड्रेक्सलरच्या १९८६ च्या पुस्तकातला. स्वतःच्या प्रती काढणारी अतिसूक्ष्म यंत्रं, एकाची दोन, दोनाची चार, असं करत अख्खी पृथ्वी फस्त करतील! आपल्या भाषेत सांगायचं तर फोर्क बॉम्ब.

मग काय, वाद पेटला. नोबेलविजेते रिचर्ड स्मॉली म्हणाले, अशी यंत्रं रसायनशास्त्रात बसतच नाहीत. २००४ मध्ये खुद्द ड्रेक्सलरनेच, स्वतःच्या प्रती काढणाऱ्या यंत्रांची गरजच नाही असं लिहिलं. राक्षस बाटलीत गेला.

पण त्याच वर्षी ब्रिटनच्या रॉयल सोसायटीचा अहवाल आला. त्यात चिंता होती साध्या धुळीची. कार्बन नॅनोट्यूब म्हणजे लांब, बारीक, चिवट धागे. फुप्फुसात गेले तर? तेव्हा कारखान्यांनी आणि प्रयोगशाळांनी हे कण धोकादायकच समजून वागावं, असं अहवालाने सुचवलं.

हे धागे ओळखीचे वाटतात ना? अ‍ॅस्बेस्टॉस! १८९८ मध्ये ल्युसी डीन या ब्रिटिश कारखाना-निरीक्षक बाईंनी त्याच्या धुळीचे काचेसारखे टोकदार कण सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात आणि ते घातक ठरतात, असं सरकारी अहवालात नोंदवलं होतं. ब्रिटनमध्ये पूर्ण बंदी कधी आली? १९९९ मध्ये! एकशे एक वर्षं. मधल्या काळात ती धूळ ओढली कुणी, तर पोती भरणाऱ्यांनी, कातणाऱ्यांनी, पत्रे कापणाऱ्यांनी. त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

२००८ मध्ये एडिनबराच्या संशोधकांनी लांब नॅनोट्यूब उंदरांच्या पोटाच्या पोकळीत टोचल्या. लांब अ‍ॅस्बेस्टॉस धाग्यांनी येते तशीच सूज आली. आखूड, गुंतलेल्या नॅनोट्यूबने तसं झालं नाही. म्हणजे सरसकट बंदीही नको आणि सरसकट 'सेफ आहे हो' हेही नको. नेमका कुठला धागा, ते आधी तपासा. जॉयच्या लेखाइतकी चर्चा मात्र मी या प्रयोगाची कधी ऐकली नाही. पृथ्वी बुडणार असली की सगळे वाचतात, पावडर तोलणाऱ्या माणसाच्या छातीबद्दल कोण वाचणार?

असो. २०१३ मध्ये अमेरिकेच्या 'नायॉश' संस्थेने मर्यादा सुचवली : कामाच्या जागी, एका घनमीटर हवेत १ मायक्रोग्रॅम. ही शिफारस होती बरं का, कायदा नव्हे.