मागील आसाचे गिअर-गुणोत्तर आणि वाहनाचा वेग : रत्नागिरी जिल्ह्यातील दळणवळणाच्या संदर्भात

प्रस्तावना

मोटारीच्या कमाल वेगाचा विचार करताना सामान्यतः इंजिनाच्या अश्वशक्तीचा उल्लेख केला जातो. परंतु ती शक्ती चाकांपर्यंत वेगाच्या रूपाने पोहोचावी की ओढीच्या रूपाने, हे मागील आसातील क्राउन-पिनियनच्या दातांवर बरेचसे अवलंबून असते. डोंगराळ प्रदेशात दळणवळण सुधारण्याचे दोन मार्ग असतात : भूमीनुसार वाहन बदलणे किंवा वाहनानुसार भूमी बदलणे. रत्नागिरी जिल्ह्याचा आधुनिक दळणवळणाचा इतिहास हा पहिल्या मार्गाकडून दुसऱ्या मार्गाकडे झालेला प्रवास आहे. या प्रवासाचे गिअर-गुणोत्तराच्या आधारे विवेचन करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

गुणोत्तराचे तत्त्व

पिनियनला ८ आणि क्राउनला ३९ दात असतील, तर आसाचे गुणोत्तर ४.८८ होते, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यासाठी पिनियनला ४.८८ फेरे घ्यावे लागतात. दुसऱ्या महायुद्धातील विलिज लष्करी जीपचे गुणोत्तर हेच होते. युद्धानंतरच्या नागरी जीपमध्ये क्राउनचे दात ४३ झाले आणि गुणोत्तर ५.३८ वर गेले. शेतीकाम, ओझे आणि चढ ही नागरी जीपची अपेक्षित कामे होती. मुंबईत महिंद्र कंपनीने १९४७ मध्ये ज्या विलिज जीपची जोडणी सुरू केली, ती याच नागरी परंपरेतील होती.

या चार दातांचा परिणाम गणिताने स्पष्ट होतो. चाकाचा परीघ सुमारे २.२५ मीटर आणि इंजिनाचे मिनिटाला ४,००० फेरे धरल्यास थेट गिअरमध्ये ४.८८ गुणोत्तराला ताशी सुमारे ११० किलोमीटर, तर ५.३८ गुणोत्तराला सुमारे १०० किलोमीटर वेग येतो. वेग नऊ टक्क्यांनी घटतो, पण चाकावरील ओढ दहा टक्क्यांनी वाढते.

यावरून गुणोत्तर जितके कमी तितका कमाल वेग अधिक, असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे ठरेल. वेग वाढतो तसा हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. गुणोत्तर फार कमी ठेवल्यास इंजिन आपल्या सर्वाधिक शक्तीच्या फेऱ्यांपर्यंत पोहोचतच नाही आणि कमाल वेग उलट घटतो. इंजिनाची सर्वाधिक शक्ती आणि एकूण विरोध ज्या वेगाला समान होतात, त्या वेगाशी जुळणारे गुणोत्तर सर्वांत योग्य होय. सपाट रस्त्यासाठी केलेली ही जुळणी चढावर टिकत नाही.

रत्नागिरीचा भूगोल

रत्नागिरी जिल्ह्यात सपाट रस्त्याचे लांब पट्टे विरळ आहेत. खाडीच्या काठावरून सड्यावर चढायचे आणि पुन्हा पुढच्या खाडीकडे उतरायचे, हे येथील वाटेचे रूप आहे. मुंबईहून येताना कशेडी, भोस्ते आणि परशुराम हे घाट, कराडकडे जाताना कुंभार्ली, तर कोल्हापूरकडे जाताना आंबा घाट लागतो. पूर्वी किनाऱ्यावरील आगबोटींनी या वाटांना पर्याय दिला होता. पण पावसाळ्यात ती वाहतूक थांबत असे.

दीड हजार किलो वजनाचे वाहन वीसास एक अशा चढावर आणल्यास केवळ चढासाठी सुमारे ७५ किलोग्रॅम-बल इतकी ओढ लागते. सपाट डांबरी रस्त्यावर चाकांच्या घर्षणासाठी लागणारी ओढ साधारण २२ असते. म्हणजे घाटात तिच्या तिपटीहून अधिक भर पडते. अशा प्रदेशात कमाल वेगाचा आकडा प्रवाशाच्या फारसा उपयोगी पडत नाही. दहा किलोमीटर घाट ताशी २० ने आणि दहा किलोमीटर सपाट रस्ता ताशी ६० ने कापल्यास एकूण ४० मिनिटे लागतात. सपाटीवरील वेग ८० केल्यास अडीच मिनिटे वाचतात. घाटातील वेग केवळ २५ केला, तरी सहा मिनिटे वाचतात. घाटवाहतुकीत ओढ देणाऱ्या गुणोत्तराला प्राधान्य मिळण्याचे कारण या हिशेबात आहे.

उताराचा प्रश्न त्याहून गंभीर आहे. खालच्या गिअरमध्ये इंजिन चाकांना रोखून धरते व ब्रेकवरील भार हलका होतो. डिझेल वाचविण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडल्यास हा आधार नाहीसा होतो, ब्रेक तापतात आणि त्यांची पकड सुटू लागते. भरलेल्या एस. टी. बसच्या बाबतीत गुणोत्तराचा प्रश्न अशा रीतीने प्रवाशांच्या जिवाशी येऊन भिडतो.

भूमी बदलण्याचा मार्ग

कोकण रेल्वे महामंडळाची स्थापना १९९० मध्ये झाली आणि २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्ग खुला झाला. बोरघाटातील १८६३ च्या लोहमार्गाचा चढ ३७ स एक इतका तीव्र होता. कोकण रेल्वेने मात्र १५० स एक ही मर्यादा स्वीकारली. ती पाळण्यासाठी रत्नागिरीजवळ सुमारे साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा खोदावा लागला आणि पानवल येथे सुमारे ६४ मीटर उंचीचा पूल उभारावा लागला.

रेल्वेतही गुणोत्तराचा नियम तोच आहे. भारतीय रेल्वेच्या डब्ल्यूडीएम-३ए आणि डब्ल्यूडीजी-३ए या दोन्ही डिझेल इंजिनांची शक्ती ३,१०० अश्वशक्ती. पहिल्याचे गुणोत्तर ६५:१८ व कमाल वेग ताशी १२० किलोमीटर. मालगाडीसाठीच्या दुसऱ्याचे ७४:१८ व वेग १००. चढ सौम्य असल्यामुळे वेगाच्या बाजूचे गुणोत्तर निवडणे शक्य होते. रस्त्यावरही हीच दिशा दिसते. २०२३ च्या गणेशोत्सवाच्या सुमारास कशेडीच्या बोगद्यातून हलकी वाहने जाऊ लागली आणि जुन्या घाटाला पर्याय मिळाला.

दरम्यान वाहनाची रचनाही बदलली. १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० मध्ये पुढील चाकांना शक्ती मिळत असल्याने मागील आसातील क्राउन-पिनियन उरले नाही. अंतिम गुणोत्तर पुढे गिअरबॉक्सजवळ गेले. पुढे पाच गिअरच्या मोटारी रूढ झाल्यावर चढासाठी खालचा आणि महामार्गासाठी वरचा गिअर अधिक स्वतंत्रपणे ठरविता येऊ लागला.

समारोप

मागील आसाचे गुणोत्तर हा केवळ यंत्रशास्त्राचा तपशील नाही. एखादे वाहन कोणत्या भूमीसाठी आणि कोणत्या कामासाठी घडविले गेले, याची ती नोंद असते. रत्नागिरीत ही तडजोड दीर्घकाळ वाहनाने केली आणि तिची किंमत प्रवाशाने वेळेच्या रूपाने मोजली. बोगदे व पूल यांनी ती किंमत कमी केली. पण तिचा भार आता डोंगर, दरडी आणि सार्वजनिक खर्च यांवर आला आहे. म्हणून दळणवळणाच्या इतिहासाचा अभ्यास करताना वाचलेल्या वेळेबरोबरच तो वाचविण्यासाठी भूमीत केलेला बदलही हिशेबात घ्यावा लागतो.