जोडणी, संगणक कार्यक्रमांची

संगणकाच्या कार्यक्रमाचे स्वतंत्रपणे तयार झालेले भाग एकत्र आणून त्यांचे परस्परांविषयीचे निर्देश स्मृतीतील निश्चित पत्त्यांशी सांधण्याच्या क्रियेस जोडणी म्हणतात. ती करणारा कार्यक्रम म्हणजे जोडक किंवा लिंकर होय. उच्च स्तरीय भाषेतील कार्यक्रमाचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा संकलक किंवा कंपायलर सामान्यतः एका वेळी एकच भाग पाहतो. अन्य भागांतील उपकार्यक्रमांचे अस्तित्व तो गृहीत धरतो. हे गृहीतक खरे की खोटे, हे जोडणीच्या वेळी उघड होते. म्हणूनच संकलन निर्वेध होऊनही जोडणी अडू शकते.

हा प्रश्न आजच्या अर्थाच्या संकलकाहून जुना आहे. केंब्रिज विद्यापीठातील एडसॅक हा संगणक मे १९४९ मध्ये कार्यान्वित झाला. त्याचे उपकार्यक्रम छिद्रित कागदी फितींच्या संग्रहात ठेवीत. उपकार्यक्रम प्रत्येक वेळी स्मृतीत निराळ्या ठिकाणी बसत असल्याने त्यातील पत्ते बदलावे लागत. डेव्हिड व्हीलर यांनी रचलेल्या प्रारंभिक आज्ञांमुळे हे काम फीत वाचतानाच यंत्राकडून होऊ लागले. अमेरिकेत हार्व्हर्ड येथे ग्रेस हॉपर व त्यांचे सहकारी उपकार्यक्रम वह्यांतून हाताने उतरून घेत. त्यात नकलेच्या व बेरजेच्या चुका होत. हॉपर यांनी १९५१-५२ मध्ये युनिव्हॅकसाठी रचलेला ए-० हा कार्यक्रम असे उपकार्यक्रम गोळा करून जुळवीत असे. म्हणून त्यास कंपायलर म्हटले गेले. ‘संकलक’ या मराठी शब्दातही गोळा करण्याचा हाच अर्थ आहे. आजच्या व्याख्येनुसार मात्र ए-० जोडकाला अधिक जवळचा ठरतो.

जॉन बॅकस यांच्या गटाने आयबीएम ७०४ साठी केलेला फोर्ट्रान संकलक १९५७ मध्ये उपलब्ध झाला. १९५८ मधील फोर्ट्रान-२ मध्ये उपकार्यक्रमांचे स्वतंत्र संकलन शक्य झाले. श्रम वाचले, पण नवा धोका उद्‌भवला. जोडक केवळ नावे जुळवीत असे. उपकार्यक्रमास द्यावयाच्या राशींची संख्या वा प्रकार चुकला, तरी जोडणी पार पडे आणि चूक पुढे चुकीच्या उत्तरातून प्रकटे. सी भाषेच्या १९८९ च्या अमेरिकन मानकाने बाह्य नावांतील पहिल्या सहाच अक्षरांची हमी दिली होती. सी++ भाषेच्या १९८९ मधील दुसऱ्या आवृत्तीत राशींचे प्रकार नावातच गुंफण्यात आले. मात्र त्यामुळे सी भाषेतील भागाशी जोडणी हवी असल्यास तसे स्पष्ट सांगणे आवश्यक झाले.

नाव न सापडण्याची कारणे बहुधा थोडीच असतात : संबंधित संग्रह जोडकास न सांगणे, नावात भेद असणे किंवा संग्रहांचा क्रम चुकणे. युनिक्सचा पारंपरिक जोडक प्रत्येक संग्रह दिलेल्या क्रमाने एकदाच तपासतो. म्हणून वापरणारा भाग आधी व पुरविणारा संग्रह नंतर द्यावा लागतो. एकच नाव दोन भागांत आढळल्यास जोडणी याउलट कारणाने थांबते. दुरुस्त केलेला भाग पुन्हा संकलित न करता जुनाच जोडला जाणे, ही चूक टाळण्यासाठी बेल प्रयोगशाळेत स्ट्यूअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये मेक हे साधन निर्मिले.

सामायिक संग्रहांची जोडणी आता पुष्कळदा कार्यक्रम सुरू होतानाच होते. त्यामुळे जागा वाचते. परंतु संग्रहाची आवृत्ती न जुळल्यास दोष रचनाकाराऐवजी वापरणाऱ्याच्या यंत्रावर दिसतो. जोडकाचा नकार त्रासदायक असला, तरी त्याने दोष वेळीच उघडकीस येतो. निमूटपणे पार पडलेली सदोष जोडणी त्याहून अधिक घातक असते.